बत्तीस ठोकळे

१२ ऑगस्ट

चि. भाचीस,
अ. उ. आ., रागासकट.

आग लागल्यावर बाहेर पडण्याचा सराव बघायला तू स्टॉपवॉच घेऊन आमच्या वसतिगृहात आलीस, याचं कौतुक आहे. पण सगळ्या मुलींसमोर अधीक्षिकेला, म्हणजे सख्ख्या मावशीला, खोल्यांची दारं बंद ठेवा असं ऐकवायची काय गरज होती? झोपेपर्यंत दारं उघडी, हा माझा एकवीस वर्षांचा नियम आहे. त्यासाठी सुताराकडून बत्तीस ठोकळे करून घेतले, दर दाराखाली एक. बंद दाराआड मुली अभ्यास करत नाहीत, हे मला संशोधन न करताच कळलं आहे.

आणि तिसऱ्या मजल्यावरची ती कुबड्या घेऊन चालणारी मुलगी? आगीत तिला कोंडून ठेवू?

लोभ आहेच, वाढवायचा का, ते तुझं उत्तर पाहून ठरवीन.

मावशी


१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र आईने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, बरं झालं, हिला बोलणारं कुणीतरी आहे.

मावशी, मी तिच्यासाठीच सांगत होते. बाकीच्या मुली तीन मिनिटांत खाली पोचल्या, तिला नऊ लागली. तोवर जिन्यात धूर भरला, तर मदत येईपर्यंत तिला खोलीतच थांबावं लागेल. तेव्हा तिच्या हाताशी फक्त दार असेल.

येत्या शुक्रवारी आगीवरच्या संशोधनासाठी प्रयोगशाळेत आम्ही एक खोली पेटवणार आहोत. त्या खोलीसमोर दोन सारख्या खोल्या बांधल्या आहेत. एकीचं दार उघडं, एकीचं बंद. बंद खोलीतल्या टेबलावर तुझं पत्र ठेवीन, उघड्या खोलीत त्याची झेरॉक्स. ये आणि बघ.

माया पातळ करू नकोस.

तुझी भाची


२८ ऑगस्ट

चि. भाचीस,
अ. उ. आ., या वेळी नुसतेच.

कागद उलटून बघ. माझंच पत्र आहे. मागची बाजू कोरी होती, वाया कशाला घालवू?

त्या दिवशी प्रयोगशाळेत काचेमागे बसून मी सगळं पाहिलं. पाण्याने भरावी तशी ती पेटवलेली खोली धुराने भरत गेली, पण वरून खाली. मला वाटत होतं, आग एका वस्तूवरून दुसरीवर जाईल. तसं झालंच नाही. एका क्षणी खुर्ची, गादी, पडदा, सगळं एकदमच पेटलं.

उघड्या खोलीतल्या तापमानाचा आकडा साडेपाचशे अंशांवर गेला. झेरॉक्सचं तर नावही उरलं नाही. बंद खोलीतला आकडा अडतीस. आपण दोघी आत गेलो, तर पत्र टेबलावर जसंच्या तसं, जरासा धुराचा वास, आणि माझा सगळा राग सुवाच्य अक्षरात शाबूत. मध्ये काय होतं? साधं लाकडी दार. माझ्याकडे तशी बत्तीस आहेत, आणि एकवीस वर्षं मी ती लागू दिली नाहीत.

काल त्या मुलीच्या खोलीत जाऊन सगळं समजावलं. दार लावायचं, फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीशी थांबून हाक मारायची. ती म्हणाली, बाई, म्हणजे आता तुम्हीसुद्धा दार वाजवून येणार? म्हटलं, येणार, आणि पुस्तक उघडं नसलं तर परत वाजवीन.

ठोकळे मी स्वतः वाकून गोळा केले. पार्सलने पाठवते आहे. पुढच्या खेपेला आधी हे जाळ, आणि किती सेकंदांत गेले ते कळव.

लोभ वाढवला आहे.

मावशी