सहावी खुर्ची

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे! खाली जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. ताईने आल्या आल्या खिडक्या उघडल्या आणि जाहीर केलं, की लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास तिला चालेल, माझं घोरणं चालणार नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघीच उरलोय; भांडायलाही दुसरं कोणी नाही. बाई कारागीर पाहून दुकानाच्या मालकाच्या भुवया वर गेल्या होत्या. एका कपाटाचा खण ओढून मी त्याचा काळ सांगितला, तेव्हा त्या खाली आल्या.

९ फेब्रुवारी

आज पाच खुर्च्या आल्या. जीव जडावा अशा! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या खुर्च्या ताठ, सडपातळ, कडक मास्तरांसारख्या. या त्यानंतरच्या, शतकाच्या मध्यावरच्या: शिसवी लाकूड, गोल पाठ, गुबगुबीत हात, खरादावर फिरवून कातलेले पुढचे पाय. माथ्यावर पानं कोरलेली, त्यांतलं एकही दुसऱ्यासारखं नाही. म्हणजे काम यंत्राचं नव्हे, हाताचं.

टेम्पोवाला सांगत होता, की सहावीही होती, पण घरच्यांनीच ती कापून जाळली आणि टेबलाची ती बाजू कायम रिकामी ठेवली. इतकं शिसव जाळणाऱ्यांना काय म्हणावं!

१२ फेब्रुवारी

मालक म्हणाला, पाचांना कोणी विचारत नाही, सहा हव्यात. आमच्या धंद्यात यावर एक चलाखी आहे. प्रत्येक खुर्चीचा एखाद-दुसरा जुना भाग काढायचा, तिथे नवा बसवायचा, आणि काढलेल्या भागांतून आणखी एक खुर्ची उभी करायची. कोणाच्या बापाला कळत नाही. मी एकीचा उजवा पाय घेतला, दुसरीचा डावा हात, तिसरीचा कोरीव माथा, उरलेल्या दोघींकडून बाकीचं.

२० फेब्रुवारी

सहावी उभी राहिली. लाखेचं पॉलिश चढल्यावर मलाच ओळखू येईना. स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुकानात जागा नाही म्हणून साऱ्या वर आणल्यात. ताई राणीसारखी बसून जेवते.

२३ फेब्रुवारी

ताईचा उजवा पाय बधिर झालाय. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. तिची लाडकी खुर्ची म्हणजे मी पाय बदललेली. सांधा तिरका राहिला असेल, म्हणून मी तिला दुसरीवर बसवलं. ती हसून म्हणाली, स्वतःच्या कामाला नावं ठेवताना तुला पहिल्यांदाच पाहतेय.

२६ फेब्रुवारी

तिचा डावा हात उचलत नाही. या खुर्चीचा मी डावाच हात बदलला होता. योगायोग असेल. डॉक्टरांना काही सापडत नाही. आता तिसरीवर बसवलंय, डोक्यामागे उशी देऊन.

२८ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. तोंड उघडते, आवाजच येत नाही.

तिसरीचा माथा. मीच तिला एकीवरून उठवून दुसरीवर बसवत गेले. मीच.

सहावीवर कोणी बसत नाही. तरी तिची वेताची बैठक खोल गेलीय. हात लावून पाहिला — उबदार.

१ मार्च

सहावी खाली दुकानात नेली. भाग ज्याचे त्याला परत द्यायचे. गरम पाण्याने सरस सुटतोच, पण सुटायला सांधाच सापडेना. लाकूड एकजीव झालंय. शेवटी पायावर करवत ठेवली, एकदाच ओढली — आणि वर धप्प आवाज. धावले. ताई जमिनीवर, बधिर पाय पोटाशी धरून, तोंड वासून, आवाज नाही.

जाळता येत नाही. ताईचं सगळं तिच्यात आहे.

२ मार्च, दुपार

दुकानाला कुलूप. किल्ली माझ्याजवळ. तरी जिन्यावर पावलं — उजवा पाय जरा जोरात. ताई तशीच चालायची.

ताई इथे आहे. माझं मनगट धरून. तीही ऐकतेय.

पावलं थांबली. दाराशी.

हाक आली. "छोटे, दार उघड गं." ताईचा आवाज. तस्साच. मला रडूच फुटलं —

ताई मान हलवतेय. नको, नको. मनगट सोडत नाही —

पण आवाज तिचाच आहे. बाहेर आहे, दाराइतका जवळ —

एका हाताने ती किती धरणार. सुटलं —

ताई, रागावू नकोस. मी फक्त तुझा आवाज घेऊन ये—