तृतीयेआधीचं रायतं

आई, आज तुझ्यावर रागावून लिहायला बसलोय. तू जाऊन तीस वर्षं झाली तरी या घरात तुझंच चालतं, त्याचा राग आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही तूच थांबवलंस, बागेला पाणी कोण लावणार म्हणून. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर बोलू नकोस.

तुझी सून फाल्गुनापासून अंथरुणाला आहे. पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, मागतील ते खायला द्या, पथ्य आता राहू दे. याचा अर्थ मला कळला. मुलाला फोनवर तो सांगता आला नाही. तो सुट्टी मिळाली की येतो म्हणतो, आणि मी बरं म्हणतो. तेव्हापासून रांधतो मीच. 'बाप्यानं चुलीशी घुटमळू नये,' म्हणून तू मला उंबऱ्यातूनच हाकलायचीस. त्यामुळे आमसुलं किती वेळ भिजवायची तेसुद्धा या वयात बाजारातल्या भाजीवालीला विचारावं लागलं. ती शेजारणीला म्हणाली, बघ गं, आजोबा सुगरण व्हायला निघालेत. सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण सोलकढी शिकवली तिनंच, तू नाहीस. परसातल्या शेवग्याच्या शेंगा, बाजारातला पांढरा कांदा, नारळ, यावर आमचं चाललंय. शेंगांची आमटी आता जमते. कांदा बारीक चिरून दह्यात कालवतो. तुझी सून दोन घास घेते आणि ताट सरकवते. मी गॅस बंद आहे का ते तीनदा बघून येतो, मग येऊन तिचा श्वास बघतो.

मागच्या आठवड्यात दारच्या रायवळाचे आंबे पिकून पडायला लागले. वास तिच्या खोलीत गेला असावा. म्हणाली, आईंच्या हातचं असायचं तसं रायतं खावंसं वाटतंय. महिन्याभरात तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी टोपली घेऊन उठलोच, तर मागून हाक आली.

"अहो, आत्ता नको. अक्षय्य तृतीया होऊ दे. आधी आईंना नि मामंजींना, मग मला."

तृतीयेला अकरा दिवस होते.

बाबा चैत्रात गेले, त्या वर्षीचा आंबा तोंडाला न लावता. तेव्हापासून तू हा नियम घातलास, की तृतीयेला पितरांची घागर भरायची, पानावर आंबा ठेवायचा, त्याआधी घरात कुणी चाखायचा नाही. मी नऊ वर्षांचा असेन. अढीतला एक आंबा काढून मागच्या पडवीत चोखत बसलो होतो. तू आलीस, पळीनं पाठीत मारलंस आणि म्हणालीस, "मेल्या, बाप तिकडं उपाशी नि तू इथं चोखतोस?" आई, नऊ वर्षांच्या पोराला असं बोलतात? कित्येक वर्षं आंबा हातात घेतला की बाबा उपाशी दिसायचे. तुझं दुःख होतं, ते मला कळतं. पण तू ते आमच्या ताटात वाढलंस. ही पोटुशी होती तेव्हा चैत्रातच तिला आंब्याचे डोहाळे लागले. शेजारची काकी तुला म्हणाली, अगं, पोटातल्या जीवाला कसला नियम. तू अढीवर गोणपाट टाकलंस आणि त्यावर पाट ठेवून बसलीस. मी उभा राहून बघत होतो. तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. ती रडली नाही, नियम शिकली. इतका शिकली की आज मरणाच्या दारात बसून तुझी वाट बघते.

दोन दिवस मी तिची समजूत घातली. ती ऐकेना. तिसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवरचं कॅलेंडर काढून तांदळाच्या डब्यामागं टाकलं आणि तिला सांगितलं, आज तृतीया आहे. तिनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, झोपून झोपून दिवस कळत नाहीत. मी आंबे पिळले, बाठे त्यातच ठेवले, गूळ घातला, खोबरं नि मोहरी वाटली. मोहरी जास्त वाटली गेली, कडू झाली. ते टाकलं आणि पुन्हा केलं. दुसरं बरं झालं. तुझ्यासारखं नाही, आणि याचाही मला राग आहे.

वाटी नेली तर विचारते, "घागर भरलीत?"

"भरली."

"पान ठेवलंत?"

"ठेवलं म्हटलं ना. खा."

तिनं खाल्लं, आई. वाटीभर. बाठाही चोखला, पांढरा होईपर्यंत, आणि हनुवटीवरचा रस मला पुसू दिला नाही. परत थोडं मागितलं. तेव्हापासून रोज करतो.

हे कागद मी कुठं पाठवणार? चुलीत घालावेत तर आता चूलही नाही. खरी तृतीया परवा आहे. परवा तुला पान वाढलं तर तिला कळेल की मी खोटं बोललो, म्हणून वाढणार नाही. यंदा तुम्ही दोघं उपाशी राहा. फक्त एक आहे, मला भीती वाटते. तुमच्या उपासाची नाही. थोड्या दिवसांत ती तिकडं येईल, नि सासूच्या पाया पडताना पहिलं विचारेल, रायतं मिळालं का? तेव्हा मिळालं म्हण. माझ्यासाठी एवढं खोटं बोल.