पालथा पेला

१२ नोव्हेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. गुडघे आता कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावता की कपाटात शोभेला ठेवलंय? इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. ह्यांची भूक उत्तम आहे, कधी कधी दोनदा जेवतात.

शेवटचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. तुमचा फोन येतो तेव्हा हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र.

कारखान्यात तुमच्या भावाला सगळे 'घड्याळ' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्टेनलेसचे पाइप वाकवले की कडक होतात. मग ते भट्टीत तापवून पाण्यात बुडवायचे, की पुन्हा नरम. आत किती वेळ ठेवायचे, त्यातच सगळी कला. माल आत गेला की हे आपला चहाचा पेला पॅनेलवर पालथा घालत, बाहेर काढला की सुलटा. भट्टीचा टायमर बिघडला तरी कुणी दुरुस्तीला दिला नाही. पेला होता ना!

गेल्या महिन्यात पेला सुलटा होता आणि माल आतच होता. हे नेहमीसारखा चहा पिऊन, डबा उचलून घरी आले. पुढच्या पाळीच्या माणसाने पेला पाहिला आणि भट्टी रिकामी समजून तोही निवांत बसला.

तपासणी माझ्याच लॅबमध्ये आली. तुकडा आरशासारखा घासला, ॲसिड लावलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. स्टीलमध्ये बारीक कण असतात, फरशीच्या तुकड्यांसारखे एकाला एक लागून. जास्त वेळ तापले की मोठे कण शेजारच्या लहानांना गिळत जातात आणि पाइपाची ताकद जाते. इथे बारीक कण औषधालाही उरला नव्हता.

फोरमन म्हणाला, "वहिनी, पुन्हा एकदा तापवून जमवता येईल का?"

"नाही हो. हे कण बारीक करायचे तर आधी ठोकून-लाटून काढावं लागतं. तयार वाकवलेले पाइप ठोकणार कसे?"

तेवढ्यात हे आत आले. खुर्ची ओढली, डोळा लावला आणि हसायला लागले.

"कुठल्या गाढवाने केलं हे? माल आत टाकून विसरला लेकाचा! बाई, पाळीला कोण होतं?"

'बाई' ऐकून वाटलं, फोरमनसमोर म्हणून म्हणत असतील. लग्नाआधी मला तशीच हाक मारायचे. मी म्हटलं, "बघावं लागेल."

"बघा. आणि काढा त्याला. उद्या हा पाइप फुटला तर कुणाचा तरी जीव जाईल. असा माणूस भट्टीवर नको."

फोरमनने मान खाली घातली. मी माल नापास केला, कारण लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवसापासून हे घरी आहेत. सुट्टी आहे असं त्यांना सांगितलंय.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, गोळ्यांनी फार तर पुढचं जरा हळू जाईल. लोक 'होईल सगळं नीट' म्हणतात तेव्हा त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. वन्सं, मला आशा उरलेली नाही. हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं.

सकाळी हे कामाचा शर्ट चढवून ओट्यापाशी उभे राहतात आणि पेला पालथा घालतात. "हात लावू नका, माल आत आहे." आधी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. आता चहा दुसऱ्या पेल्यात देते. तो पेला सुलटा करायला माझा हात धजत नाही.

तुम्ही मात्र अजून शाबूत आहात. "ताई शाळेतून आली का?" असं रोज दारात जाऊन बघतात. आई गेल्यावर तुम्हीच त्यांना भरवलंत, तेवढं राहिलंय. इतके दिवस बोलावलं नाही, कारण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत की ते खरं होईल अशी भीती होती. आता या. दारात बघताहेत तोवर या.

तुमची भावजय,
घरातसुद्धा आता नुसती 'लॅबच्या बाई'