दातांच्या गाडीचं वायरिंग

मास्तर, काल एक गाडी वायरिंगला आली होती. मागे पलंग, पंखा, छोटा फ्रीज. नवरा-बायको दोघंही रिटायर झालेत, त्यातून देश फिरणार म्हणे. मुक्कामाला लाइट मिळेल तिथं बाहेरून वायर जोडून बॅटरी भरून घ्यायची, नसेल तिथं इन्व्हर्टरवर भागवायचं. काम संपल्यावर मी बाहेरची वायर उपटली आणि गाडीत एकटाच बसून ऐकत राहिलो. मालक म्हणाले, "अहो, सगळं चालू आहे ना, आता काय बघताय?" मी बघत नव्हतोच. पण ते त्यांना काय सांगणार? म्हणून कागद घेऊन तुम्हाला सांगायला बसलोय, आणि तुम्हाला जाऊन तर पंधरा वर्षं उलटून गेलीत.

शहापूरच्या तुमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मी आलो तेव्हा मला फ्यूज बांधता येत नव्हता. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरला टेकवायचात, मूठ माझ्या कानाला लावायचात आणि म्हणायचात, "डोळे मिट. डोळे फसवतात, आवाज नाय फसवत." माझे कान मुळातच तिखट, पण त्यांना कामाला लावलं तुम्ही. पुढे मुरबाडला माझं दुकान झालं, लोडशेडिंगच्या कृपेनं इन्व्हर्टरचा धंदा जोरात चालला, आणि तुमच्याकडे मात्र मोटरी येईनाशा झाल्या. तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं होतं, तेही गावाला कळलं होतं. त्याच सुमारास एका दातांच्या डॉक्टरांनी गावोगाव फिरणारा दवाखाना काढायचं ठरवलं आणि गाडीचं काम घेऊन ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, हे काम माझे मास्तर करतील. मला वाटलं, मी फार मोठं मन दाखवतोय.

तुम्ही चार दिवस त्या गाडीत पाय दुमडून बसलात. पाचव्या दिवशी संध्याकाळी शहापुरात गाडीची पूजा. चाकाखाली लिंबं, तुमच्या कपाळाला गंध, डॉक्टर सगळ्यांना सांगतायत, "हे आमचे मास्तर." तुम्ही बाहेरची वायर उपटता, गाडीतले दिवे तसेच राहतात, लोक टाळ्या वाजवतात. आणि त्या गलक्यात मला इन्व्हर्टरच्या घरघरीखाली चार्जरचा आवाज ऐकू येतो. बारीक, पण चालू. वायर उपटली की चार्जर गप्प व्हायला हवा, मास्तर. त्याला करंट फक्त बाहेरूनच मिळायला हवा. तुम्ही त्याची वायर गाडीच्या आतल्या लाइनीवर दिली होती. म्हणजे बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर चार्जर, आणि चार्जर भरतोय तीच बॅटरी. दर फेरीला थोडं सांडणार आणि तासाभरात बॅटरी कोरडी. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय रे, बराय ना?"

मी म्हणालो, "एकदम ओके, मास्तर."

मनात हिशेब साधा होता. सकाळी लवकर यायचं, कुणाला न कळता एक वायर बदलायची, विषय संपला. मुरबाडहून पहिली एसटी धरली. शेणव्याच्या अलीकडे समोरून तीच गाडी आली. पहिलं शिबिर टोकावड्याला होतं, तिथले लोक कामावर जायच्या आत भेटावेत म्हणून ती पहाटेच निघाली होती. पुढच्या सीटवर इस्त्रीच्या शर्टात तुम्ही होतात. मला खिडकीत बघून तुम्ही हात केलात, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी धावत जाऊन घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "इथं स्टॉप नाय, शेठ. शेणव्याला उतरा."

"अहो, ती गाडी थांबवायचीय!"

"मंग एसटीत कशाला बसलात?"

सगळी एसटी हसली. मीही हसलो, काय करणार? दवाखान्याच्या ड्रायव्हरकडे फोन नव्हता, डॉक्टरांचा लागेना, आणि शेणव्याला परतीची जीप तासभर आली नाही.

टोकावड्याच्या शाळेच्या आवारात पोचलो तेव्हा गाडीत अंधार होता आणि गावातही लाइट नव्हती. खुर्चीवरची म्हातारी दाराशी उजेडात आणून बसवली होती, निम्मा दात काढलेला. तोंडात कापूस धरून ती डॉक्टरांना म्हणत होती, "लाइट गेली तं आता निम्मा दात घेऊन घरी जाऊ का रे मी?" डॉक्टर घामाघूम होऊन हातानंच तो दात उपटत होते. तुम्ही खाली बसला होतात, चार्जरची वायर तुमच्या हातात. भोवती माणसं. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "गाय आपलंच दूध पीत होती रे." मग मान वर करून, हळू आवाजात, "काल तुझ्या कानाला नाय आलं?"

"नाय, मास्तर. लोकांचा गलका होता."

तुम्ही वायरचं टोक सोलायला घेतलंत. तेवढ्या वेळात मी खरं बोलू शकलो असतो. मग वायर जागेवर लावता लावता म्हणालात, "तुझ्या कानाला नाय आलं म्हंजे मीच कच्चं शिकवलं."

म्हणजे बघा, तुमची एक चूक झाकायला गेलो आणि तुमची सगळी शिकवणीच खोटी पाडून आलो. त्यानंतर तुम्ही काम घेतलं नाहीत. मी सणावारी येत राहिलो, दर खेपेला ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि तुम्ही पाहुण्यांना सांगत असायचात, "याचा धंदा मोठाय, पण पाया माझ्याकडनं कच्चा राह्यला." काकू चहा पुढं करायच्या, मी तो प्यायचो आणि उठायचो. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

हा कागद तुमच्या मुलाला नेऊन देता येईल, घर तेच आहे. देणार नाही. त्याला वाटेल, मी तुमच्या मानासाठी गप्प राहिलो. बायकोलाही मी तसंच सांगितलंय. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्या गलक्यात तुमची चूक माझ्या कानाला सापडली, तेव्हा एक क्षणभर, मास्तर, मला बरं वाटलं होतं.