लग्न दोघांचं, नोकरी एकीची

१२ जानेवारी १९८५, सौंसर

परत येऊन पाच दिवस झाले. मोहल्ल्यात एकच प्रश्न — "नर्सबाई, इराकातून एकटीच काहून आली?" काय सांगू! सुटीत इथंच बुद्धविहारात प्रभाकरशी लग्न झालं. दोघं सोबतच कंपनीच्या कॅम्पवर परतलो. आठव्या दिवशी साहेबानं माझ्या हातात कागद ठेवला — लग्न झालेली नर्स कंपनी ठेवत नाही. प्रभाकर त्याच कॅम्पवर इलेक्ट्रिशियन. त्यांना ठेवलं. जणू लग्न माझं एकटीचंच झालं!

१९ जानेवारी

चैन नाही. गादी झाडली, पुन्हा झाडली. शेजारच्या म्हातारीची जखम उगाच दोनदा धुतली. आई म्हणे, "पोरी, आता संसार पाह्य." कोणता? नवरा तिकडे, मी इकडे.

२ फेब्रुवारी

बाबांसोबत पांढुर्ण्याला गेली. मुकुंदराव वकील म्हणाले, "बाई, हे इराकात घडलं. इथला कायदा तिथं कसा लागेल?"

मी म्हटलं, "कंपनी नागपूरची. मुलाखत नागपुरात, करारावर सही नागपुरात. मग मी कोणत्या देशाची नोकर?"

बाबा घाबरून माझ्याकडे पाहत होते. वकिलांनी कागद मागितला. वाचला. पुन्हा वाचला. "काढायचा हुकूम नागपूरच्या ऑफिसातून निघाला दिसते... लढून पाहू. आधी कंपनीला नोटीस धाडतो."

२४ फेब्रुवारी

प्रभाकरचं पत्र. अर्धं पान. "मालती, केस करू नको. साहेब मला रोज विचारून राहिले." राग आला. मग त्यांचीच कीव आली. भीती काही खोटी नाही — उद्या त्यांनाही काढतील.

२५ फेब्रुवारी

करार काढला. सहीखालचं 'नागपूर' पुन्हा वाचलं.

२६ फेब्रुवारी

लिहिलं — "मी कंपनीशी भांडून राहिली, तुमच्याशी नाही." पत्र टाकलं आणि तशीच पांढुर्ण्याची बस धरली. वकीलपत्रावर सही केली.

१४ ऑगस्ट

नागपूर, कामगार कोर्ट. कंपनीचा वकील सारखा एकच — "काम परदेशातलं, या कोर्टाला अधिकार नाही!" जज शांतपणे म्हणाले, "नेमलं इथून, काढलं इथून. केस इथंच चालेल."

बाहेर येऊन बाबा पायरीवरच बसले. "जिंकलो का बेटा?" मी म्हटलं, "नाही बाबा. आता कुठं सुरू झालं." पण पोटभर जेवली — कित्येक दिवसांनी!

३ सप्टेंबर

कंपनीच्या साक्षीदारांची यादी आली. पहिलं नाव प्रभाकरचं. नावापुढं लिहिलं आहे — "मालतीनं खुशीनं राजीनामा दिला, असं साक्षीदार सांगणार."