शटरचा आवाज

४ नोव्हेंबर, मंगळवार

शटरनं आज परत चुगली केली.

जेवणं आटपली, आई आडव्या झाल्या, तशी मी चपला हातात घेऊन गॅरेजकडे गेले. कुलूप काढलं, शटर वर ढकललं, आणि मेलं असं किंचाळलं की कुंपणावरचे कावळे उडाले. आतून लगेच हाक — "नलू, शटर वाजलं गो?" "झाडलोट करतेय आई," म्हटलं आणि उगाच झाडूचे चार हात मारले. गाडी जागच्या जागी. ड्रायव्हिंग क्लासच्या क्रांती मॅडम बिचाऱ्या कोपऱ्यावर स्कूटर लावून वीस मिनिटं माझी वाट बघत होत्या.

आई म्हणजे सासूबाई. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. पण कान! होड्या होत्या तेव्हा बंदरावर बसून नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायच्या म्हणे. आता होड्या नाहीत, तर माझ्या मागावर आहेत. गाडीच्या इंजिनाचं एक वेळ चालतं, रेवदंड्याच्या रस्त्यानं दिवसभर पर्यटकांच्या गाड्या जातात, त्यात आपली कुठली ते कळायचं नाही. घात करतं ते शटर.

१८ तारखेला पेणला माझी ड्रायव्हिंगची टेस्ट आहे. घरात कोणाला माहीत नाही! क्लासच्या गाडीवर हात बसलाय, आता मॅडमना शेजारी बसवून आपल्या गाडीवर बसवायचाय. सदा बोटीवरून २३ ला सुट्टीवर येतोय (वहीतच सदा, समोर 'अहो') आणि आला की गाडी विकणार आहे. "चालवणारं कोण नाही घरात, खाऱ्या वाऱ्यात उभी राहून सडतेय." मी आहे की! पण हे तोंडानं नाही सांगायचं. लायसन नाकासमोर धरायचं. सात वर्षांपूर्वी मी एकदाच गाडी गेटच्या खांबाला घासली, तर हा माणूस अजून प्रत्येक लग्नात ते रंगवून सांगतो.

तेव्हा आधी शटरचं तोंड बंद करायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जमलं! मागच्या पडवीत होडीच्या वेळचा ग्रीसचा डबा सापडला, अर्धा भरलेला. शटर दोन्ही बाजूंना ज्या खाचांतून वर-खाली होतं, त्या खाचा बोटांनी गच्च भरल्या. कोपरापर्यंत काळी झाले. पण शटर? हूं नाही की चूं नाही. इतकी वर्षं उगाच सहन केलं.

दुपारी मॅडमना घेऊन चौलपर्यंत गेले. मी चालवत! वाड्यांमधल्या त्या चिंचोळ्या वळणावर समोर एसटी. थांबले, मागे घेतली, वाट दिली. ड्रायव्हरनं जाताना हात केला. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. मॅडम म्हणाल्या, "अहो, रस्त्याकडे बघा."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपण गेले. आजपण गप्प. वा रे मी.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस वारा सुटलाय. घरभर वाळू. भाकरीत पण वाळू.

१० नोव्हेंबर, सोमवार

शटर अडकलं. गुडघ्यापर्यंत वर येतं आणि बसतं. लाथ मारली, पायच दुखला. गाडी आत, मी बाहेर, टेस्टला आठ दिवस! आईंनी विचारलं, "काय गो, कसली धडपड?" "शटर बिघडलंय" म्हणाले. खरं बोलायला काही कष्टच पडत नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चौलचा भिकू आला. आमचं शटर त्यानंच बसवलेलं. खाचेतून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, काय घातलंत ह्यात?"

"होडीचं ग्रीस."

त्यानं पाना खाली ठेवला. "ही काय होडी हाय? ग्रीसवर वाळू बसली. लोखंड घासायची कानस केलीत तुम्ही ह्याची."

लाज वाटली, पण मी त्याला सोडला नाही. म्हटलं, शिकव. रॉकेलच्या फडक्यानं दोन्ही खाचा पुसून काढल्या, कोरड्या केल्या, आणि मग काय घासायचं — तर साधी मेणबत्ती! लाइट गेल्यावर लावतो ती. मेणाला वाळू चिकटत नाही. तेल घालायचं ते फक्त वर दांडा फिरतो तिथे, शिवणयंत्राचं, दोन थेंब. पट्ट्यांवर मीठ बसतं म्हणून महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं पुसायच्या. "आणि वरच्या स्प्रिंगला हात लावायचा न्हाय. सुटली तर मनगट घेऊन जाईल. तिला मला बोलवायचं." शेवटी शटर कमरेइतकं वर घेऊन त्यानं हात सोडला. तिथंच राहिलं. खाली आलं असतं तर स्प्रिंग सैल, वर गेलं असतं तर आवळ, म्हणाला. मग मी करून बघितलं. राहिलं! पाच-सहा वेळा करून बघितलं. भिकू म्हणाला, "बास करा, वहिनी."

जाताना आईंनी त्याला थांबवलं. "भिकू, आवाज गेला काय रं?"

"गेला, आजी."

"पार गेला?"

"पार."

"बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. कामगिरी गेली ना त्यांची!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पकडले गेले.

चौलला वळसा घालून, मॅडमना कोपऱ्यावर सोडून गाडी आत घेतली, तर गॅरेजच्या भिंतीशी स्टूल, आणि स्टुलावर आई. मी काहीतरी बोलणार, तर त्या एवढंच म्हणाल्या, "आली?" उठल्या, भिंत चाचपत आत गेल्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

आता आज ना उद्या हे सदाच्या कानावर जाणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सदाचा फोन. आधी आईंशी बोलतो. मी दाराआड, कान लावून. दहा मिनिटं बोलल्या — पापलेट कुठं मिळत न्हाय, गुडघा दुखतो, शेजारणीची म्हैस व्याली. माझ्याबद्दल चकार शब्द नाही! म्हणजे तो आल्यावर समोरासमोर फटाका फोडायचा बेत दिसतोय. रोज दुपारी स्टुलावर पहारा चालूच आहे. "हितं वारा लागतो," म्हणतात. कसला वारा? तिथं माडाचं पान हलत नाही.

मी पण थांबत नाहीय. आज चढावर गाडी थांबवून परत काढली, एक बोटभर मागे गेली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पास! पास पास पास!

आठचा आकडा काढला, चढ काढला, रिव्हर्स घेतली. साहेब म्हणाले, "किती वर्षं चालवताय?" मॅडमनी हसू दाबलं. येताना पेढे घेतले आणि वाटेतच निम्मे संपवले. एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही.

घरी पोचायला पाच वाजले. आई स्टुलावर. आत ताट झाकलेलं, मी ठेवून गेले होते तसंच. घास मोडला नव्हता. "उशीर केलास," म्हणाल्या. झालं, माझं डोकं फिरलं. "मी काय शाळेतली पोर आहे का, दाराशी बसून राखण करायला?" असं म्हणाले त्यांना. त्या उठल्या. आत जाताना हात भिंतीवरून सुटला, अडखळल्या. मी धरलं.

तेवढं बोलायला नको होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोबाईलवर लायसन आलं. फोटोत चोरासारखी दिसतेय. काही हरकत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांडव्याच्या जेट्टीवर गाडीला टेकून उभी राहिले. सदानं आधी गाडी ओळखली, मग मला. "कोणी आणली?" मी मोबाईल पुढे धरला. चौल येईपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गिअर बरा टाकतेस. राहू दे गाडी."

घरी आई स्टुलावर. सदानं उतरून शटर वर केलं. "अरे, आवाज गेला की ह्याचा."

"तिनंच घालवला," आई म्हणाल्या. "गाडी शिकते ते पयल्या दिसापासून म्हाईत हाय मला. रस्त्यानं शंभर गाड्या जातात, त्यात हिची कंची, कसं वळखू? शटर वर वाजलं की गेली. खाली वाजलं की आली. मग माझा डोळा लागला असता."

उद्या सकाळी पहिलं काम — डाव्या खाचेतलं मेण पुसून काढायचं.