विकण्यापुरतं नवं घर

प्रिय छोटू,

चाळिशी गाठलीस तरी मी छोटूच म्हणणार. फोनवर तू ‘बरी आहेस ना’ विचारतोस, मी ‘बरी आहे’ म्हणते, आणि बोलणं संपतं. म्हणून आज निवांत दुपारी लिहायला बसले आहे, आपल्याच घरात, पण अशा खोलीत की जिची आणि माझी अजून नीट ओळख झालेली नाही.

घर विकायला काढलंय हे तुला माहीत आहे. माझ्या गुडघ्यांना आता जिना नको झालाय, आणि घराचीही तीच गत. भिंतींना ओल, रंगाचे पोपडे, कुरकुरणारी दारं. आहे तसं विकलं असतं तर मातीमोल गेलं असतं आणि दुरुस्ती मला झेपणारी नव्हती. तेव्हा मावशीच्या ओळखीचा एक माणूस आला. घर माझं, दुरुस्तीचा खर्च त्याचा. घर विकलं की आधी त्याचा खर्च सुटणार आणि वाढलेल्या किमतीत आमचा दोघांचा वाटा. स्वतःच्या पदरचं घालतो म्हणून मावशीने त्याचं नाव पदरमोडे ठेवलं. तिनेच ओळख करून द्यायची आणि तिनेच म्हणायचं, जपून हं, लोक लुटतात! मी म्हटलं, माझ्याकडे लुटण्यासारखं आहे काय? माणूस मात्र सरळ निघाला. भिंतीवर टिचकी मारून डॉक्टरासारखा कान लावतो.

काम चाललं होतं तेव्हा मी इथेच राहिले. रंगारी एका खोलीत शिरले की मी दुसरीत. सामानावर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, आणि मी त्यांच्यामधून हळूहळू फिरायचे, कुणाकडे तरी पाहुणी आल्यासारखी. उन्हात धूळ इतकी सावकाश खाली यायची की पाहता पाहता चहा गार व्हायचा. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत पाडली त्या दिवशी वाटलं, आता सगळं कोसळणार. कोसळलं काहीच नाही. उलट ओट्याशी उभं राहून रस्त्यावरचं झाड दिसायला लागलं. इतकी वर्षं ते तिथेच होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत होते! हल्ली सकाळी जाग आली की क्षणभर कळत नाही, मी कुठे आहे. खरं सांगू? तो क्षण मला फार आवडतो.

बाबा असते तर वैतागले असते. त्यांना खिळासुद्धा स्वतः ठोकलेला लागायचा. त्यांचा छापखाना तू चालवणार नाहीस म्हणालास, तेव्हा ते बोलून गेले, मग पुन्हा हा उंबरा ओलांडायचा नाही. रागातलं बोलणं ते, चार दिवसांत विरलं असतं. पण तूही त्यांचाच मुलगा. ते गेले तेव्हा आलास, सगळं केलंस, पण उभा राहिलास बाहेरच. तुझा चहा मी बाहेर आणून दिला. त्यावर मी कधी बोलले नाही. मला फार लागलं होतं, छोटू. तुझ्या लेकीला तर मी अजून फोनच्या पडद्यावरच पाहतेय.

रंग वाळला आणि पदरमोड्यांची सजावटवाली आली. भाड्याचा सोफा, भाड्याचे दिवे, टोपलीत प्लास्टिकची लिंबं. घर खपायचं तर त्यात सुखी माणसं राहतात असं वाटलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तुझ्या खोलीत तिने छोटा पलंग लावला आणि वर एक फोटो. हसरा बाप, खांद्यावर पोर. दुकानातून फ्रेमबरोबरच आलेला. गिऱ्हाईक येईल तेव्हा मी बाहेर जायचं, अशी मला सक्त ताकीद होती. पण त्या दिवशी गुडघ्यांनी संप केला. एक शाळामास्तरीण आणि तिचा नवरा आले. तिने फोटो पाहून विचारलं, हा तुमचा मुलगा का? मी हो म्हणून गेले. मग जीभ थांबेना. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी येतो, इथेच जमिनीवर पसरून पेपर वाचतो, नात त्याच्या पाठीवर बसते. दारात पदरमोड्यांना घाम फुटला होता. मला मात्र सगळं समोर दिसत होतं. सांगता सांगता मी तिथे बसून तुम्हाला पाहत होते.

त्यांना घर पसंत पडलं. ती म्हणाली, किल्ल्या तुमच्या मुलाच्या हातूनच घेऊ, त्यालाही घराचा निरोप घेता येईल. मी म्हटलं, येईल की.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. पदरमोड्यांना सगळी फरशी एका पातळीत हवी होती; म्हाताऱ्यांचे पाय अडखळत नाहीत, चाकाची खुर्ची सहज फिरते. काम चाललं होतं तेव्हाच मिस्त्रीने येऊन विचारलं, आजी, दारातला उंबरा काढू का? मी त्याचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. काढ म्हटलं. बाबांचा शब्द तुला मोडायचा नाही ना? नको मोडूस. ओलांडायला आता तिथे काही उरलेलंच नाही. महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्यात, तोवर हे घर माझं आहे. लेकीचा हात धर आणि सरळ चालत आत ये.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
आई